उताऱ्यावरची सुमन

मंगळवार, संध्याकाळ

वाशीमचं घर आज पाहिलं. आईला मागचं अंगण फार आवडलं. पण उताऱ्यावर विकणाऱ्या दोन भावांसोबत त्यांच्या बहिणीचंही नाव आहे. सुमन. शेलूबाजारला दिलेली.

"तिले कायले विचारता? भाऊ आणतीन तिची सही," एजंटकाका म्हणाले.

"पोरगी बीए काय झाली, वकीलच होऊन राह्यली!" बाबा हसले.

कशी असेल ही सुमन? घर विकतायत हे तरी तिला माहीत असेल का? उशीर केला तर घर हातचं जाईल, कळतं मला. तरी म्हटलं, तिला भेटल्याशिवाय नको.

बाबा चिडले. तेवढ्यात आई म्हणाली, "माही सही बी अशीच नेली होती भावानं."

हे मला आजवर माहीतच नव्हतं. उद्या आम्ही दोघी शेलूबाजारला जातोय.