एकशे दोनची तलवार

चिंचणी, बुधवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय नुसतं. सकाळी नवऱ्याने दारात बोंबीलवाल्या मावशीशी दहा रुपयांसाठी हुज्जत घातली. ती म्हणत होती, "नाय परवडत रे दादा!" तरी कमी करून घेतलेच. आणि आत्ता कळतंय, बोईसरच्या कंपनीतल्या ओव्हरटाइमचे सगळे पैसे घालून याने मोबाइलच्या गेममध्ये तलवार घेतली! जुनीची ताकद शंभर, हिची एकशे दोन.

"दोनाने काय फरक पडतो रे?"

"हरलो की वाटतं, त्या दोनामुळेच हरलो."

आज तलवार घेऊनही हरला. म्हणे समोरच्याकडे एकशे चारची होती. आता तीच बघत बसलाय.

राग तलवारीचा आलाय का मला? नाही, त्या दहा रुपयांचा.

उद्या मावशीला मागेल तो भाव देणार, वर हे दहा. निदान बोंबील तळून खाता तरी येतात.