फुकटच्या पुस्तकातल्या चुका

३ ऑक्टोबर
शी! नेवेना, माझीच विद्यार्थिनी, डिपार्टमेंटमध्ये लागली काय आणि शिंगं फुटली. मीटिंगमध्ये म्हणते, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सला इंटरनेटवरचं फुकट पुस्तक लावू या. माझं पुस्तक असताना! कुणीही छापा, कुणीही सुधारा. धर्मशाळाच. उद्या निश शहरातला प्रत्येक झेरॉक्सवाला लेखक होईल. मतदान डिसेंबरात. माझं पुस्तक हरणं शक्यच नाही.

४ ऑक्टोबर
ते पुस्तक उघडलं. किळस आली. पहिल्याच बीमच्या आकृतीत बाण उलटा! पानाखाली 'चूक कळवा' असं बटण. संकल्प: सगळ्या चुका शोधायच्या, कळवायच्या, मग मीटिंगमध्ये अब्रू काढायची. नाव, हुद्दा, डॉक्टरेट सगळं लिहून पाठवलं.

५ ऑक्टोबर, दुपार
बाण सुलटा केला. वर आभार मानले. निर्लज्ज कुठले.

१९ ऑक्टोबर
सातवं प्रकरण इतकं गचाळ की सबंध नव्याने लिहून पाठवलं. वाचून लाज तरी वाटेल. ताटातला बुरेक गार झाला. दोब्रिला म्हणाली, अरे, बायकोकडे नाही तर निदान स्वतःच्या पुस्तकाकडे तरी एवढं लक्ष दिलं असतंस. ती दातांची डॉक्टर. तिला बीममधलं काय कळतं?

८ नोव्हेंबर
घरच्या संताचा दिवस. या सणाला बोलावणं लागत नाही, हाच त्यातला तोटा. नेवेना हजर. दोनदा सारमा वाढून घेतला आणि म्हणाली, सर, सातवं प्रकरण काय झालंय! माझ्या पुस्तकात सहाच प्रकरणं आहेत. पोरीला रकिया चढली असावी.

१२ डिसेंबर
मीटिंग. उठून गरजलो, या पुस्तकात चुकाच चुका! नेवेनाने पडद्यावर पुस्तक उघडलं. एक चूक सापडेना. म्हटलं, होत्या, मी स्वतः पाहिल्यात. म्हातारा ब्लागोये म्हणाला, मग काढल्या कुणी? सगळे खो खो हसले. मतदानात माझा हात सोडून सगळे हात फुकट्यांच्या बाजूने.

हरकत नाही. तोंडी परीक्षा माझ्याच हातात आहे. आमची रीत अशी: मुलाने माझं पुस्तक टेबलावर ठेवायचं, मी पहिल्या पानावर सही करायची, मगच पहिला प्रश्न. सही झालेलं पुस्तक पुढच्या वर्षीच्या पोराला विकता येत नाही. त्या फुकट्या पुस्तकावर सही करणार नाही. मेलो तरी नाही.

२३ जानेवारी
पहिलीच आली मिलुंका. झेरॉक्सच्या दुकानात छापलेलं, स्पायरल लावलेलं तेच बाड टेबलावर ठेवलं. शी! म्हटलं, यावर सही मिळणार नाही. ती भांबावली. म्हणाली, पण सर, हे तुमचंच आहे ना?
कव्हर पाहिलं. संपादक: माझं नाव. हुद्दा, डॉक्टरेट, सगळं.
विचारलं ते तिने धडाधड सांगितलं. दहापैकी दहा. म्हणाली, सातव्या प्रकरणात किती सोपं केलंत सर, हाच भाग जुन्या पुस्तकातून आमच्या ताईला शेवटपर्यंत कळला नाही.
सही केली. बाहेर रांग होती, सगळ्यांच्या हातात तेच. सगळ्यांवर केली.

२४ जानेवारी
संपादक म्हणून मला पहिली चूक कळवली गेली. सातव्या प्रकरणात, माझ्याच आकृतीत, बाण उलटा. खाली नाव मिलुंका, हुद्दा विद्यार्थिनी.
तासभर पाहिलं. उलटाच आहे.
सुलटा केला. आभार मानले.