सातव्या होलची बाभूळ

२२ नोव्हेंबर १९५४, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. हे गेल्याला दोन वर्षं झाली, मन आता पूर्ण ताळ्यावर आहे, तेव्हा डोकं कामाला लावावं.

गोल्फ क्लबात टॉवेल वाळत घालताना बोर्डावर नवी नोटीस दिसली. इंग्रजी मी बिस्किटांचे डबे आणि रद्दीतले पेपर वाचून शिकले, पण समजलं. सातव्या होलमधल्या बाभळीचं काय करायचं, ते कमिटी कपाच्या सामन्यानंतर ठरवणार. सामना १९ डिसेंबरला. काय ठरवणार ते लिहिलेलं नाही. लिहायला कशाला हवं? निम्म्या मेंबरांचे बॉल ज्या झाडात अडकतात, त्याला काय हार घालणार?

हे इथे हेडमाळी होते. बावीस वर्षं दुपारचा डबा त्या बाभळीखाली खाल्ला. मला त्याचं काही नाही. काटेरी झाडात जीव अडकवण्याइतकी मी खुळी नाही. पण अन्याय तो अन्याय.

२३ नोव्हेंबर

प्लॅन तयार. बॉल अडकलेच नाहीत तर तक्रार कसली? घाणेरीच्या जाळीमागे बसायचं, बॉल आला की पायाने गवतावर सारायचा. ही लबाडी नव्हे. दिवसाला पाचच.

२८ नोव्हेंबर, रविवार

नऊ सारले. चार आपणहून पायात आले, ते धरायचे नाहीत. टाचेत तीन काटे. कोणी पाहिलं नाही.

२९ नोव्हेंबर

शेजारची कौसाबाई क्लबात गवत कापते. म्हणाली, काय गं, काल बाभळीखाली लंगडी खेळत होतीस का? म्हटलं, शेण्या वेचत होते. म्हणाली, साहेबांच्या मैदानात गाय कुठली, साहेबच का?

बाकी कोणी पाहिलं नाही.

५ डिसेंबर, रविवार

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधले एक सिंधी शेठ पाहुणे म्हणून आले होते. त्यांचा बॉल काट्यांत. मी काढून फेकला, तो नेमका होलच्या झेंड्यापाशी पडला. शेठ ओरडले, वाह साईं, क्या मारा है! खुशीत सगळ्यांना चहा पाजला. मला सोडून. चालायचंच.

१२ डिसेंबर, रविवार

दुपारी पाहणीसाठी बाभळीखाली बसले. भाकरी यांच्याच डब्यातून नेली, कारण दुसऱ्या डब्याचं झाकण बसत नाही. पाहणीला दोन तास लागले.

१९ डिसेंबर, रविवार

कप झाला. चाळीस खेळाडू, एकही बॉल अडकला नाही! कप सेक्रेटरी प्रधानसाहेबांना मिळाला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्यांचा बॉल अगदी खोडाला टेकला होता, म्हणून जरा जास्तच सारला.

झाड वाचलं. पायात जोडा जात नाही.

२० डिसेंबर

नवा हेडमाळी हिंदुराव सांगत आला. कमिटी म्हणे बाभळीला पार बांधणार होती. क्लबाच्या कार्डावर तिचा फोटो छापणार होती. पुण्याचे खेळाडू खास तिच्याकडून हरायला येतात, म्हणून क्लबाचं नाव. पण काल चाळीसच्या चाळीस सुखरूप गेले. प्रधानसाहेब म्हणाले, झाडात आता दम राहिला नाही. काढून तिथे बॉल अडकायला वाळूचा खड्डा करा.

मी हिंदुरावाला पाणीही विचारलं नाही.

२१ डिसेंबर

प्रधानसाहेबांकडे गेले. ते कप पुसत होते, मी धुतलेल्या टॉवेलने. म्हटलं, साहेब, बाभळीचा दोष नाही. बॉल मी सारले. म्हणाले, कोणाचे? म्हटलं, सगळ्यांचे. तुमचा दोनदा.

त्यांनी कप कपाटात ठेवून दार लावलं. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, बाई, तुम्हाला दगदग झाली आहे, विश्रांती घ्या. हे इतर कोणाशी बोलू नका. क्लबाच्या क्वार्टरमध्येच राहता ना तुम्ही?

म्हटलं, हो साहेब.

माझं म्हणणं त्यांना पटलं नसावं.

२३ डिसेंबर

बघायला गेले नाही. टॉवेल पुष्कळ होते. काल धुतलेलेही परत धुतले. जेवणाच्या सुट्टीत कुऱ्हाड थांबली, तेव्हा वाटलं, विचार बदलला. सुट्टीच होती.

२४ डिसेंबर

प्रधानसाहेबांनी एक गाडी लाकूड फोडून माझ्या दारात पाठवलं. भेट म्हणून. कौसाबाई म्हणाली, नशीब काढलंस बाई, बाभळीसारखा निखारा नाही. चार महिने सरपण बघायला नको.

स्टोव्ह पेटवला. लाकूड ओलं आहे.

१९ मे १९५५

मधे लिहायला सवड झाली नाही. ऊन असं की दाराची कडी हाताला चटका देते. कौसाबाई म्हणाली, अगं, पाच महिने झाले, आता तरी ती लाकडं चुलीला लाव.

बाहेर जाऊन एकेकाला हात लावून पाहिला. अजून ओलीच आहेत.