राक्षसाचा जीव पोपटात

मिरज, गुरुवार, १७ जानेवारी १९७४

ड्युटी संपवून खोलीवर आले तरी वॉर्डातले दौलतराव डोक्यातून जात नाहीत. पलटणीतून निवृत्त होऊन गावी ऊस करत होते. गेल्या महिन्यात पाय ट्रॉलीखाली सापडला, गुडघ्याखालून कापावा लागला. तेव्हापासून एकच हट्ट, पोरीला इकडं आणायचं नाही. ती कराडला मामाकडे.

आज दुपारी वॉर्डात मी पेशंटना मुलांच्या मासिकातली गोष्ट वाचून दाखवत होते. राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडे, पिंजऱ्यातल्या पोपटात. मी सवयीनं म्हटलं, "केवढा भित्रा राक्षस!"

दौलतराव एकदम बोलले, "भित्रा न्हाई, सिस्टर. ज्याच्यात आपला जीव हाय, ते लांबच ठिवावं वाटतं. जवळ असलं की आपल्यापायी त्यालाच तरास."

लहानपणापासून ही गोष्ट ऐकतेय, राक्षसाची बाजू कधी मनात आली नव्हती. खरं असेल त्यांचं? पण मग तो पिंजरा... तोंडातून निघूनच गेलं, "आणि पोपटाला कुणी विचारलं का, तिकडं एकट्याला करमतं का म्हणून?"

ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जास्त बोलले का मी? माझंच मला वाईट वाटायला लागलं.

चहाच्या वेळी त्यांची बायको आली. तिला म्हणाले, "उद्या सुमीला घिऊन ये." तिला खरं वाटेना. "आगं, खरंच सांगतोय," म्हणाले, आणि मला हाक मारली, "सिस्टर, न्हावी बोलवा की. दाढी लय वाढलीया. पोर भ्यायची."