आज गैरहजर कोण?

चिखली,
ता. ११ फेब्रुवारी १९५७

प्रिय खातूनआपास,
लालमहंमदचा सलाम. इकडे सर्व खुशाल. तुझा गुडघा आता कसा आहे? शेकत जा, आळस करू नकोस. तुझी शहाजादी इथे माझ्याकडे मजेत आहे. तिच्यासाठी जुन्नरच्या स्थळाचं तू विचारलंस, त्याचं पुढे लिहितो.

आधी मोठी बातमी. परवा आमच्या शाळेत नवे शिक्षणमंत्री येऊन गेले. पिंपरीचा औषधांचा कारखाना बघायला आले होते, तिथून मोटार इकडे वळवली. आठवडाभर आम्ही भिंती सारवत होतो. पाटलांच्या हिंदुरावांनी खुर्ची दिली, पण त्यावर ते बसलेच नाहीत. मुलांचे पाढे, गाणी, टकळीचं सूत, कशाकडेच फारसं बघितलं नाही. हजेरीपट मागितला आणि विचारलं, "गुरुजी, आज गैरहजर कोण?"

मी म्हटलं, "सात मुलं आजारी आहेत, साहेब."

"मला सगळीकडे हजर मुलंच दाखवतात. राज्यभरच्या शाळांचं धोरण ठरवायचं, तर न आलेली बघायला हवीत. चला, घर दाखवा." आणि निघाले की पायी! मागून अधिकाऱ्यांची रांग. इतका मोठा माणूस आमच्या गल्लीतलं शेण चुकवत चाललाय आणि पुढे मी वाट दाखवतोय!

सर्वांत जवळचं घर माझंच. आपा, आता लपवत नाही. तपासणीच्या दिवशी कच्ची मुलं घरी ठेवायची, ही आम्हा मास्तरांची जुनी रीत. त्या सातांत तुझी लेक होती. मीच तिला सांगितलं होतं, आज येऊ नकोस. बोलताना ती अडखळते, शाळेची शोभा होईल असं वाटलं.

मंत्री ओट्यावर तिच्या शेजारी बसले. "बाळ, आज का नाही आलीस?" शहाजादीचा पहिलाच शब्द अडला. सवयीने मी तो पुरा करायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. सगळे ताटकळले. कोणी घड्याळ बघितलं, कोणी खाकरलं. ते मात्र तिच्याकडे बघत बसून राहिले, जणू दुसरं कामच नाही.

शेवटी ती बोलली, "ता... ताप आला व्हता, साहेब."

माझ्यासाठी खोटं बोलली, आपा. मला राहवलं नाही, सगळ्यांदेखत खरं सांगून टाकलं. वाटलं, नोकरी गेली. ते एवढंच म्हणाले, "माझ्याशीही हेच करतात, गुरुजी. चांगल्या शाळा तेवढ्या दाखवतात." मग तिला पुस्तक आणायला सांगितलं. तिने अख्खं पान वाचलं. वेळ लागला, पण एक शब्द चुकला नाही. चार वर्षं ती माझ्या वर्गात आहे आणि तिचं पुरं पान मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

असा माणूस मी बघितला नव्हता. दोन दिवस झाले, अजून वर्गात उभा राहिलो की त्यांचा तो वर केलेला हात आठवतो. बाकीच्या सहा घरी काल मी स्वतः जाऊन आलो. आज सगळी आली होती.

आता स्थळाचं. शहाजादी अभ्यासात मठ्ठ आहे असं दिवाळीत मीच तुला कळवलं, म्हणून तू लग्नाचं काढलंस. ते लिहिणं चूक होतं. हे पत्र शेजारच्या कुसुमताई नेहमीप्रमाणे तुला मोठ्याने वाचून दाखवतील, त्यांनाही माझी लाज कळेल. कळू दे. जुन्नरला मी होकार पाठवत नाही. पोर तुझी आहे, हक्क तुझा आहे. एकदा ये आणि तिला काय हवंय ते तिलाच विचार. फक्त तिचं बोलून होईपर्यंत थांब, आपा. मी कधी थांबलो नाही.

तुझा धाकटा भाऊ, दोन दिवसांपासून मास्तरकी शिकणारा
लालमहंमद