हातच्या काकणाले

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळपासून तिसरा लॅपटॉप! तिन्ही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे. रडगाणंही एकच — ताई, दिवाळीत अपडेट आला, तो घेतला अन् तेव्हापासून बिघडलं.

अपडेट फर्मवेअरचा. फर्मवेअर म्हंजे मशीनच्या अंगात कोरलेला प्रोग्राम. बटण दाबलं की सगळ्यात आधी तो जागा होते अन् पंखा, कीबोर्ड, बॅटरी सगळ्यायले कामाले लावते. कंपनीनं त्याच्यातच हात घातला. म्हंजे पाहुण्या बाईनं आपल्या सैपाकघरातले सगळे डबे बदलून ठेवावे तसं — शोधा आता मीठ! एकाचा पंखा गिरणीसारखा बोंबलत होता, एकाचं टचपॅड गायब, एक चार्जच होईना.

मागचं झाकण उघडलं, बॅटरीची वायर काढली, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. आतली उरलीसुरली वीज निघून जाते अन् मशीन ताज्या डोक्यानं उठते. तिन्ही चालू, एक वाजेपर्यंत मी मोकळी. गावात बाकीचे दुरुस्तीवाले लोकायले बोर्ड बदला म्हणून सांगून राह्यले. फोकनाड नाही मारत — या मॉडेलची नस मले सापडली.

४ नोव्हेंबर, मंगळवार

प्रेमानंद सर आले होते. नववी-दहावीले विज्ञान शिकवायचे आम्हाले. वर्गात मिक्सर उघडून "हात लावा, चावत नाही" म्हणणारे तेच. सगळ्यात आधी मी हात लावला होता. ही वही पण त्यायच्याच सांगण्यावरून — शाइस्ता, रोज काय बिघडलं अन् आपण कुठं चुकलो ते लिहीत जा. बिघडलेलं लिहिते. चुकली तर तेही लिहीन.

रिटायर झाल्यापासून सर दर रविवारी लॅपटॉपवरून खेड्यापाड्यातल्या पोरायले विज्ञान शिकवतात. फुकट. ऐंशी पोरं असतात. तेच मॉडेल, तोच अपडेट. शिकवता शिकवता स्क्रीन काळी होते म्हणे.

माझा ठरलेला इलाज केला. अर्धा तास चालवून पाह्यलं, मस्त. मग सरायच्या हातात दिलं. त्यायनी दोन ओळी टाइप केल्या, डाव्या हातातलं कडं मशीनवर टक् टक् वाजलं — अन् स्क्रीन काळी. (ते कडं लेकीनं बी.पी.साठी पाठवलं. म्हणाले, विज्ञानाचा मास्तर असून घालतो, लेकीचं मन मोडवत नाही. लाजले जरासे.) मी मशीन माझ्याकडं ओढलं, चालू केलं, पानभर टाइप केलं. काही नाही. परत त्यायले दिलं. दोन मिनिटात काळी!

आता याच्यात समजायचं काय राह्यलं? मी म्हटलं, "सर, मशीन माझ्या हातात चालते, तुमच्या हातात बंद पडते. हातच्या काकणाले आरसा कायले? बोट कुठंतरी दाबून राह्यलं तुमचं. हात थरथरत असन. वय झालं आता, सर."

सर हसले. दोन्ही हात उलटेपालटे करून पाह्यले, "असेल" म्हणाले अन् लॅपटॉप पिशवीत घालून गेले. पैसे घेतले नाही मी. सरायकडून काय घ्यायचे.

५ नोव्हेंबर

कालपासून एक बारका स्क्रू सापडत नव्हता. सर बाजारात जातांना देऊन गेले — "हा माझ्या हातासोबत घरी आला होता." हातासोबत! बोलणं पाहा सरायचं.

८ नोव्हेंबर, शनिवार

वरवट बकालहून मायलेकी आल्या. शेगावात बस बदलून, लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून. लेक वैष्णवी, माय पुष्पाबाई. पोरगी हुशार दिसते, पण बोलता बोलता ओढणीचं टोक पिळत होती.

तिचं असं झालं — पुण्याच्या कंपनीची परीक्षा घरूनच द्यायची होती. कॅमेरा चालू, खोलीत दुसरं कोणी नाही पाहिजे. पास झाली तर घरी बसून नोकरी. अन् परीक्षेच्या मधातच स्क्रीन काळी झाली. हातापाया पडून दुसरी तारीख मिळाली, अठरा नोव्हेंबर. तिसरी मिळणार नाही. ती नोकरी नाही लागली तर मामानं पाह्यलेल्या स्थळाले हो म्हणायचं, असं घरात ठरलं आहे. हे पोरीनं नाही सांगतलं, माय पाणी प्याले बाहेर गेली तेव्हा तिच्या डोळ्यात पाणी आलं म्हणून मी इचारलं.

मॉडेल तेच. मी म्हटलं, वैष्णवी, या मॉडेलची मी डॉक्टर आहे. बॅटरी काढली, बटण दाबलं, तीन घंटे चालवलं. एकदाही बंद नाही पडलं. हसत गेली पोरगी.

१० नोव्हेंबर

वैष्णवीचा फोन. घरी नेलं अन् काल दोनदा काळी झाली. मी म्हटलं घरची अर्थिंग पाहा, वायरमनले बोलवा. मशीनमध्ये दोष नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

परत आली बिचारी, एकटीच. वायरमन येऊन गेला, अर्थिंग ठीक आहे. मी स्क्रीनची वायर बदलली, चार्जर बदलला. कंपनीच्या साइटवर जाऊन जुनं फर्मवेअर परत टाकायचा प्रयत्न केला — तर कंपनीनं मागं जायचा रस्ताच बंद करून ठेवला! दिवसभर इथं चालू ठेवलं. सिनेमा लावला, टायपिंग केलं, वैष्णवीनं स्वतः केलं. टुकटुक चालते.

अब्बा समोरच्या काउंटरवर डोळ्याले भिंग लावून कोणाची तरी एचएमटी खोलून बसले होते. पन्नास वर्षं झाली त्यायले घड्या दुरुस्त करता करता. मान वर न करता म्हणाले, "बेटा, मेज़ पर तो हर घड़ी चलती है. हाथ पर देखना पड़ता है."

मी म्हटलं अब्बा, ही घडी नव्हे, याच्यात चिप असते. ते परत एचएमटीच्या चाकात शिरले. फकीर मोहम्मद वॉचवाले कधी वाद घालत नाहीत, तोच त्यायचा वाद.

पण वैष्णवी गेल्यावर टोचत राह्यलं. इथं चालू, घरी बंद. सहा दिवस उरले.

१३ नोव्हेंबर

शाळेच्या ग्रुपवर सरायचा मेसेज — रविवारचा वर्ग बंद करतो आहे. हात साथ देत नाहीत. अकोल्याला डॉक्टरला दाखवणार आहे. मुलांनी अभ्यास सोडू नये.

वाईट वाटलं. "आराम करा सर" असं लिहिलं मी.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सापडलं! सापडलं! सापडलं!

आज दुकान अब्बावर सोडून मीच वरवट बकालले गेली. शेगाव बसस्टँडवर गाडी बदलली. पुष्पाबाईनं भाकर-पिठलं केलं होतं, आधी जेवा म्हणाल्या. मी म्हटलं आधी मशीन. त्यायनी ऐकलं नाही. जेवली.

मग वैष्णवीले म्हटलं, परीक्षेले जशी बसली होती तशीच बस. टेबल तेच, खुर्ची तीच, वेळही तीच. मी नाही असं समज. ती बसली. सरावाचा पेपर लावला. तेवढ्यात पुष्पाबाई देव्हाऱ्यातून काहीतरी घेऊन आल्या, कपाळाले लावलं, अन् कीबोर्डच्या खाली, मनगट टेकते त्या पट्टीवर, डाव्या कोपऱ्यात ठेवलं. गजानन महाराजायची छोटी तसबीर. शेगावात दुकानादुकानात मिळते ती, पाठीमागं चुंबकवाली, लोकं फ्रीजले, गाडीच्या डॅशबोर्डले लावतात.

वीस मिनिटं काही नाही झालं. मग टाइप करता करता वैष्णवीचा हात लागला, तसबीर दोन बोटं सरकली — स्क्रीन काळी!

मी उठली, तसबीर उचलली. स्क्रीन चालू. ठेवली, काळी. उचलली, चालू. मले इतकं हासू आलं की मायलेकी घाबरून गेल्या.

समजावून सांगतलं. लॅपटॉपच्या झाकणात एक चुंबक असते अन् खालच्या अंगात, बरोबर त्या जागी, चुंबक ओळखणारा डोळा. झाकण लावलं की डोळ्याले चुंबक समजते अन् मशीन झोपते. जुन्या फर्मवेअरमध्ये तो डोळा आळशी होता. नव्यानं त्याले खडबडून जागं केलं. म्हणून महाराज वर्षभर तिथंच होते तरी काही झालं नाही, अन् दिवाळीनंतर मशीनले वाटाले लागलं की झाकण लावलं.

अन् माझ्या दुकानात काऊन नाही झालं? पुष्पाबाई म्हणाल्या, बाहीर नेतांना देव मी घरीच ठेवते. जरा थांबून म्हणाल्या, अन् तुमचं दुकान तुमच्यावाल्यायचं, उगाच तुमाले संकोच. मी लॅपटॉपचं झाकण लावून परत उघडलं.

मग त्या एकदम खालीच बसल्या. "म्हंजे मीच माह्या लेकीचा पेपर बुडवला?"

वैष्णवी उठून मायजवळ गेली. मी म्हटलं, "काकू, कंपनीनं डोळा उघडला अन् कोणाले सांगतलं नाही. तुमची काही चूक नाही. चुकलं माझं. सात दिवस मी मशीन पाहत राह्यली, घर पाह्यलंच नाही." हे मी तोंडानं म्हटलं, म्हणून इथंही लिहिते. पहिल्यांदाच लिहून राह्यली, सर!

आता महाराजायले ठेवायचं कुठं? परीक्षेच्या दिवशी समोर तर पाहिजेत. मी म्हटलं समोरच्या लोखंडी कपाटाले लावा, मान वर केली की दिसतीन. पुष्पाबाईनं तसबीर माझ्या हातात दिली. तुम्हीच लावा, बाई, कुठं चालते ते तुमालेच ठाऊक. मी जराशी थांबली. मोरीवर जाऊन हात धुतले अन् लावली.

येतांना बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. बाहेर कापसाच्या गाड्याच गाड्या. कितीतरी दिवसानं इतका हरिक झाला, एकटीच हासत होती.

१८ नोव्हेंबर

दोन घंट्याचा पेपर. स्क्रीन एकदाही काळी नाही. मी इकडं दुकानात कोणाचंच मशीन उघडलं नाही, फोनजवळ बसून राह्यली.

१९ नोव्हेंबर

दुकानाबाहेर पाटी लावली — "अपडेटनंतरचे सर्व बिघाड. खात्रीने." खात्रीने हा शब्द मोठ्या अक्षरात. अब्बा पाटीकडं पाहून नुसते हसले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पास! वैष्णवी पेढे घेऊन आली. एक तारखेपासून काम सुरू. मामाले मायनं स्वतः फोन करून नाही म्हणून सांगतलं. पोरीनं आज ओढणी पिळली नाही, हे मी पाह्यलं.

अब्बाले सगळा किस्सा परत ऐकवला, चुंबक, डोळा, झाकण. या खेपेस भिंग काढून ऐकलं त्यायनी. म्हटलं, अब्बा, मानलं तुम्हाले, टेबलावर चालून उपयोग नाही. तर म्हणाले, "मी तुले हातावर पाहाले काऊन सांगतो? आता कितीक लोकं बी.पी.साठी चुंबकाचं कडं घालतात. त्याच हातात घडी बांधतात, अन् मले सांगतात घडी बिघडली. घडी नाही बिघडत, बेटा, अन् माणूसही नाही. आधी मनगट दाखव, असं म्हणावं त्याले."

पेढा हातातच राह्यला माझ्या.

कडं. टक् टक्. हातासोबत घरी गेलेला स्क्रू.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी सरायच्या घरी गेली. अकोल्याच्या डॉक्टरची चिठ्ठी टेबलावर होती, सोमवारची वेळ. काही न बोलता तोच स्क्रू सरायच्या कड्याजवळ नेला. टक् करून चिकटला. मग कडं काढाले लावलं अन् लॅपटॉप समोर ठेवला. सरायनी पाऊण घंटा टाइप केलं, पूर्ण एक धडा. स्क्रीन काळी नाही झाली.

सरायनी दोन्ही हात उलटेपालटे करून पाह्यले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे शाइस्ता, हात ठीक आहेत माझे?"

मी हो म्हटलं. चार तारखेले चुकलं ते माझं, हेही लिहून ठेवते.