बाबांचा पांढरा शर्ट

बोवेन, क्वीन्सलंड

प्रिय आई,

मी ठणठणीत आहे, हे आधी वाच, मग पुढचं.

पार्सल उघडलं तर बाबांचा पांढरा शर्ट! वर चिठ्ठी, "उन्हात पांढरंच बरं, गार वाटतं." अगं, गार वाटणं वेगळं नि कातडी वाचणं वेगळं! तरी तुझ्या समाधानासाठी घातला. आमची मुकादम नोरीन रोज सकाळी प्रत्येकाच्या शर्टाचं टोक उन्हाकडे धरते नि मागे आपली बोटं नाचवते. बोटं दिसली की टोमॅटोच्या शेतात पाऊल टाकू देत नाही. काल सगळ्यांसमोर ओरडली, "लॅकलन, मच्छरदाणी घालून आलास होय रे?"

धुऊन धुऊन पार विरलाय तो. घामानं भिजला की ऊन आणखीच आरपार. घट्ट विणीचा, गडद शर्ट पाठव बाई, कितीही गबाळा दिसू दे!

डॉक्टरांनी पाठीवरचा एक तीळ काढून, कॅन्सर तर नाही ना, हे तपासायला पाठवलाय. काही नसेल. धाकट्या बहिणीला, ब्रॉनविनला, सांगत बसू नकोस, ती रडून घर डोक्यावर घेईल. तुझा गुडघा काय म्हणतोय?

शर्ट परत पाठवतोय. आठवण म्हणून कपाटात ठेव, पण कुणाला घालू देऊ नकोस. बाबांना ज्या उन्हानं नेलं, ते याच शर्टातून आत शिरलं होतं.

तुझा वैतागलेला,
लॅकलन